लड्डूचा फिल्टर आणि बाबांची झोप

आमच्या घरी पापड वरणात भिजवून खात. पाहुण्यांना वाटायचं, ही विदर्भाकडची काही रीत असेल. रीत-बीत काही नव्हती. पापड चावला की आवाज होतो, आणि आत बाबा झोपलेले असायचे. माझे बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. कोळसा, लोखंड, सिमेंट, छत्तीसगडच्या पोटातून जे काही निघतं ते रात्रभर ओढून न्यायचे आणि लाल डोळ्यांनी सकाळी घरी यायचे. ते अंथरुणाला पाठ टेकायचे, आणि रायपूरच्या रेल्वे कॉलनीतलं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर असं चिडीचूप व्हायचं की विचारू नका. आई दाराच्या कडीला लाल फडकं बांधायची. ते दिसलं की भाजीवाली आमच्या दारापुढून तोंड मिटून जायची आणि पुढच्या घरासमोर गेल्यावर आरोळी द्यायची. दाराच्या घंटीची वायर तर आईनं कधीच काढून टाकली होती. कुकरची शिट्टी आता होणार हे तिला कसं कळायचं देव जाणे, पण ती नेमकी त्या क्षणी चिमट्यानं ती हलकेच उचलायची आणि वाफ फुस्स करून सोडून द्यायची. भांडी पोत्यावर घासायची, फोडणी बाबा यायच्या आधी उरकायची, आणि खलबत्त्यात ठेचा कुटायचा तो बाबा ड्यूटीवर गेल्यानंतरच. मुरमुरे, चिवडा, शेव, कुरकुरीत म्हणून जे काही असेल ते आमच्याकडे दिवसा निषिद्ध होतं. मी लहानपणी पेरूसुद्धा अगदी पिकून लिबलिबीत झालेलाच खाल्ला.

आणि भांडायचो तेही कुजबुजत. हातवारे पुरते, डोळे वटारलेले, आणि आवाज मात्र गॅस गळावा तेवढा. मला राग आला की मी हिंदीत शिरायचे. आई मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे. आज माझी मुलगी माझ्याशी तेच करते आणि माझा संताप होतो. "हळू बोल व, पिंके, तुये बाबा झोपून राह्यले," हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही दुपारी कुणी मोठ्यानं हसलं तर माझा हात आपोआप ओठावर जातो. आईच्या या चौकीदारीत थट्टा नव्हती. बाबांच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरला पहाटे डुलकी लागली आणि त्यानं लाल सिग्नल ओलांडला होता. कुणाला काही झालं नाही, पण त्याची नोकरी गेली, आणि ते घर कसं उघड्यावर आलं ते आईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिनं ठरवलं की आपल्या माणसाच्या झोपेला धक्का लागू द्यायचा नाही.

अशा घरात मी लड्डूला आणलं. रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोकांची अख्खी घरं ट्रकमधून येत होती, तेलीबांध्याकडे रातोरात बंगल्यांना भाडेकरू मिळत होते, आणि आमच्या कॉलेजात अचानक फर्डं इंग्रजी बोलणाऱ्या मुली दिसायला लागल्या होत्या. त्यातली शिवानी माझी जिवलग झाली. तिच्याकडे काचेच्या टाकीत एक ॲक्सोलॉटल होता. तेव्हा हे नाव मला तीन वेळा पाठ करावं लागलं. मासा म्हणावा तर चार पाय, पाल म्हणावी तर पाण्यात राहणारा. अंग दुधात गुलाबाचं सरबत सांडल्यासारखं, मानेला दोन्हीकडे लाल पिसांच्या झुपक्यांसारखे कल्ले, आणि तोंड कायम हसरं. त्याचं नाव लड्डू. शिवानीच्या पप्पांची दिल्लीला बदली झाली, आणि डोळे पुसत पुसत तिनं टाकीसकट लड्डू माझ्या हवाली केला. तिच्याकडचा फिल्टर म्हणजे कपाटाएवढं यंत्र होतं, तेही बिघडलेलं. "बस एक अच्छा-सा फिल्टर ले लेना," ती म्हणाली, जशी काही एक पेन्सिल घ्यायची होती.

आईनं टाकीत वाकून पाहिलं आणि पदर तोंडावर दाबला. "पाल हाय व हे! पांढरी पाल! काहून आणली घरात?" हे सगळं अर्थातच कुजबुजत. मी तिला समजावलं की हा गरीब प्राणी आहे, भुंकत नाही, म्याऊ करत नाही, आयुष्यात कधी तोंडातून आवाज काढत नाही. हा मुद्दा तिला पटला. आमच्या घरासाठी याहून लायक जनावर जगात मिळालं नसतं. तिनं जुन्या चमच्यानं तुळशीमागची ओली माती उकरून एक गांडूळ काढलं, नाक मुरडत पाण्यात सोडलं, आणि लड्डूनं ते गपकन ओढून घेतल्यावर ती चक्क खुदकन हसली. पण टाकी ठेवायची कुठे? लड्डूला थंडावा लागतो. स्वयंपाकघरात शेगडीची धग, पुढच्या खोलीत दिवसभर ऊन. उरली ती मागची खोली, जिथे हिवाळ्यात दुपारीही पायाला फरशी गार लागायची आणि जिथे बाबांचा लोखंडी पलंग होता. टाकी तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर, बाबांच्या उशापासून हातभर अंतरावर बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, "हसते काहून हा?" एवढंच विचारलं आणि झोपायला गेले.

फिल्टरवाचून भागेल असं मला चार दिवस वाटलं. मग पाणी गढूळ झालं, वास यायला लागला, आणि लड्डू दर थोड्या वेळानं वर येऊन हवेचा घोट घ्यायला लागला. बादल्यांनी पाणी बदलायचं तर त्याचा खळखळाट आईला चालेना. बूढापाऱ्याच्या एका सायबर कॅफेत बसून मी वाचून काढलं: पाणी सतत गाळलं गेलं पाहिजे, पण प्रवाह अगदी संथ हवा, नाहीतर हा प्राणी कष्टी होतो. आईची अट वेगळी होती. तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं आणि सांगितलं, "हे पाय, संक्रांतीलोक मुदत देते तुले. आवाज नाई करणारी मशीन भेटली तं ठीक. नाई भेटली तं संक्रांतीच्या संध्याकाळी हा पोट्टा त्या मच्छीवाल्या दुकानात. तुह्या बाबाच्या झोपीपेक्षा मोठं काई नाई." मी ते दुकान पाहिलं होतं. दर्शनी काचेत तापलेले दिवे, आणि एकमेकांचे पंख कुरतडणारे मासे. तिथं लड्डूचे ते लाल झुपके एक आठवडा टिकले नसते. मला रडू आलं, आणि आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे मी ते तोंडात ओढणी कोंबून रडले.

फिल्टर मिळायचे तेही बूढापाऱ्यातल्या त्याच मच्छीवाल्या दुकानात, आणि तिथल्या दुकानदाराला मी भैया म्हणायचे. त्यानं ॲक्सोलॉटल जन्मात पाहिला नव्हता, पण त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. काहीही विचारा, तो आधी "हव, हव" म्हणायचा आणि मग हाताशी असेल ते पुढे करायचा. "ये ले जा बहिनी, एकदम साइलेंट आय. पसंद नइ आही त वापस कर देबे." वापस घ्यायला तयार होता हा त्याचा मोठेपणा, कारण पैसे माझ्या शिकवणीच्या कमाईचे होते आणि एकाच फिल्टरपुरते होते. पहिला त्यानं दिला तो टाकीच्या काठावर टांगायचा, पाणी वर ओढून धबधब्यासारखं परत सोडणारा. मी तो लावला, आणि मग आमच्या घरातली ती परीक्षा सुरू झाली, जी आठवून मला आजही हसू आवरत नाही. बाबा ड्यूटीवर असताना आई त्यांच्या पलंगावर, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून, त्यांचा टॉवेल डोळ्यांवर घेऊन, त्यांच्यासारखीच डाव्या कुशीवर आडवी झाली. "मी तुये बाबा हाय. कर चालू." मी बटण दाबलं. थोडा वेळ ती निपचित पडून राहिली. मग टॉवेल बाजूला करून म्हणाली, "मशीन चांगली हाय, पण पाणी पडते न. हे आयकून झोपीतल्या माणसाले बाथरूमले जावंसं वाटन." ती स्वतः उठून तिकडेच गेली, त्यामुळे वाद घालायला जागा राहिली नाही. तिकडे लड्डूनं तर शेपटीचं टोक वळवून घेतलं होतं, कल्ले पुढे दुमडले होते आणि तो प्रवाहाला पाठ करून कोपऱ्यात अंग चोरून उभा होता.

दुसरा आला तो अख्खा पाण्यात बुडवायचा. त्याला कान लावला तरी ऐकू येईना. मी मनातल्या मनात नाचले. पण आई पलंगावर पडल्या पडल्या हळूच म्हणाली, "पिंके, पलंग गुणगुणून राह्यला." मी पलंगाच्या पायाला कान लावला. खरंच! यंत्राची थरथर काचेतून ओट्यात, ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून थेट लोखंडात उतरत होती. पलंग भिंतीपासून दूर केला, टाकीखाली घडी घालून जुनी सतरंजी ठेवली. थरथर गेली, पण त्या यंत्राच्या तोंडातून पाण्याचा असा फवारा सुटायचा की लड्डू टाकीभर फरफटत फिरायचा. तो बिचारा तेव्हाही हसत होता. त्याला हसण्यावाचून दुसरं तोंडच नव्हतं.

तिसरा सगळ्यांत स्वस्त. काळ्या स्पंजचा एक गोळा, त्याला एक बारीक नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा सोडणारा साबणाच्या वडीएवढा पंप. स्पंजातून मंद बुडबुडे वर येतात आणि पाणी आपोआप त्यातून गाळलं जातं. बस, एवढंच. प्रवाह म्हणाल तर जवळजवळ नाहीच. लड्डू पहिल्याच दिवशी त्या स्पंजावर चढून बसला, पुढचे दोन पाय लोंबते सोडून, जणू ओसरीवर. इतके दिवस मी जे शोधत होते ते हेच, हे मला त्याच्याकडे पाहूनच कळलं. पण पंप! तो घर्रर्र करायचा. थांबत नाही, वाढत नाही, कमी होत नाही, नुसती एकसुरी घर्रर्र. आईनं टॉवेल डोळ्यांवर घेतलासुद्धा नाही. "नाई," ती म्हणाली. मी पंप गोधडीत गुंडाळला, तो तापला. दोरीनं खिडकीला टांगला, मग खिडकी घरघरायला लागली. लांब नळी आणून तो स्वयंपाकघरात नेला, तर एवढ्या लांबून हवाच पोचेना. स्पंजातून एखादा बुडबुडा यायचा तो उपकार केल्यासारखा. मोठा, बिनआवाजी पंप भैयाकडे होता, पण त्याची किंमत ऐकून मी दुकानाची पायरी उतरले. आज बाजारात असले मुके पंप भाजीच्या भावात मिळतात, आणि एखादा दिसला की मी उगाच हातात घेऊन पाहते.

या सगळ्या भानगडीत बाबांना मात्र कुणी काही विचारलं नाही. ते आमच्या डोक्यातच आलं नाही. बाबा ज्या वेळी घरी असत त्या वेळी झोपलेले असत, आणि झोपलेल्या माणसाला कसं विचारणार?

संक्रांत उजाडली. मी रात्रीच हरले होते. आईनं एवढी सूट दिली की बाबा या खेपेला लांबच्या गाडीवर आहेत, संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत, तोवर पंप खोलीत टाकीजवळच चालू राहू दे, जाताना तरी पोट्टा सुखानं जाऊ दे. तिचा चेहराही काही फार आनंदी नव्हता. सकाळी तिनं लड्डूला दोन गांडुळं जास्त घातली होती. मग आम्ही शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेलो. तिळगूळ, वाण, ओटी, गप्पा, यात बराच वेळ गेला. परत आलो तर दारात बाबांचे बूट, आणि त्यांची ती ड्यूटीवर न्यायची लोखंडी पेटी. गाडी लवकर पोचली होती. आईनं हातातलं ताट उंबऱ्यावरच ठेवलं. आतून घर्रर्र ऐकू येत होती, आणि त्या घरघरीच्या वरून आणखी एक आवाज. बाबा घोरत होते.

"बंद कर ते, पिंके!" आई कुजबुजली. "पर सो रहे हैं न!" मी कुजबुजले. बटण पलंगाच्या पलीकडे होतं, त्यामुळे आम्ही दोघी दारातच हातवारे करत भांडलो आणि शेवटी काहीच न करता बाहेर येऊन बसलो. बाबा हिवाळ्यात कधी घोरत नसत. दिवसा तर ते सारखी कूस बदलायचे, मध्येच पाणी मागायचे, आणि दुपार कलायच्या आत उठून बसायचे. त्या दिवशी दुपार कलली, ऊन भिंतीवरून खाली आलं, गल्लीत पोरांचे पतंगांवरून झगडे झाले, तरी बाबांनी कूस बदलली नव्हती. आई आधी चकित झाली, मग बावरली. दोनदा आत जाऊन तिनं त्यांच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. दिवेलागणीला तिचा धीर सुटला. "त्या मशीनीच्या हवेनं बेसुद तं नाई झाले व?" असं म्हणत ती आत धावली आणि तिनं पंपाची वायर उपटली.

त्याच क्षणी बाबा ताडकन उठून बसले. "गाडी काहून थांबली?"

मग त्यांना भिंत दिसली, आई दिसली, मी दिसले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. चेहरा असा टवटवीत होता की मला ते कुणी दुसरेच वाटले. "बापा रे, काय झोपलो!" ते म्हणाले. "किती दिवसानं असा झोपलो. अवं, काय होतं ते घरघर? इंजिनच्या केबिनात पडल्यासारखं वाटे. चालू कर न ते."

आईनं वायर हातात तशीच धरून ठेवली होती. "म्हंजे?" तिनं विचारलं. "एरवी झोप नाई लागत का तुमाले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लड्डूकडे पाहिलं. त्या खोलीत त्यांना मदत करू शकेल असं कुणी नव्हतं. मग हळूहळू, चोरी पकडलेल्या पोरासारखे चाचरत, त्यांनी सांगितलं. आयुष्य इंजिनात गेलं, त्यांच्या कानाला घरघर लागते; घरघर थांबली की काहीतरी बिघडलं, असं अंगाला वाटतं. उन्हाळ्यात कूलर असतो तेव्हा झोप लागते. आम्ही समजायचो, थंड हवेनं लागते. पण एरवी या घरात इतकं शांत असतं की त्यांना सगळं ऐकू येतं. "तू बोटायवर चालते न, ते आयकू येते मले. शिट्टी उचलते, ते आयकू येते. मंग मी वाट पायतो, आता काय वाजन, आता काय वाजन. डोळे मिटून पडून राह्यतो."

"इतकी वर्सं?"

"तू एवढं करून राह्यली माह्यासाठी. पोट्टीले पापड भिजवून चारून राह्यली. कसा सांगू तुले?"

आईनं हातातली वायर खाली टाकली. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं, आणि शेवटी जे आलं ती भीती होती. "अन् तसेच गेले तुम्ही इंजिनवर? बिनझोपीचे? एवढा कोळसा मागं बांधून?" बाबा म्हणाले, "चहा पेतो न मी." झालं! आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. "चहा पेते म्हने! चहा!" भिंती दणाणल्या. "तुमाले काई झालं असतं तं? मी इथं शिट्ट्या उचलत बसली असती! अहो, तोंड देलं हाय न देवानं तुमाले!" ती ओरडत होती, रडत होती, आणि मध्येच त्यांचा दंड धरून हलवत होती, जणू ते आहेत याची खात्री करून घेत होती. शेजारच्या काकू हळदीकुंकवाची पिंजर हातात घेऊनच धावत आल्या; त्यांना वाटलं, या घरात कुणीतरी गेलं. बाबा खाली मान घालून बसले होते. मी चूपचाप वायर उचलली, परत लावली, आणि घर्रर्र सुरू झाली. लड्डू स्पंजावर चढून बसला. त्याला दुकानात न्यायचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, आणि नंतरही नाही.

दुसऱ्या सकाळी बाबा पुन्हा झोपायला गेले तेव्हा आईनं कडीला फडकं बांधलं नाही. उशाशी पंप घरघरत होता, त्यांचं घोरणं बाहेरपर्यंत येत होतं. आईनं कुकर चढवला आणि हात मागे बांधून उभी राहिली. शिट्टी झाली. आम्ही दोघी श्वास रोखून दाराकडे पाहत राहिलो. घोरण्यात खंड पडला नाही. मग तिनं खलबत्ता काढला, त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण टाकला, आणि असा ठेचा कुटला की ओट्यावरची भांडी उडायला लागली. कुटता कुटता ती माझ्याशी बोलत होती, काकूंबद्दल, मिरच्यांच्या भावाबद्दल, बाबांच्या अकलेबद्दल, सगळं पुऱ्या आवाजात. त्या आवाजाची तिला सवय नव्हती. मधून मधून तो फाटायचा, मग ती खाकरायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मी कांदा चिरायचा सोडून तिच्याकडे पाहत राहिले. सतरा-अठरा वर्षांची घोडी झाले होते मी, आणि माझी आई कशी बोलते हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आई," मी म्हटलं, आणि त्या दिवशी मला हिंदी सुचली नाही, "किती मोठा आवाज आहे तुझा!"

तिनं बत्ता खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मिरच्यांचा ठसका होताच. "लग्नाच्या आंधी याच्याहून मोठा होता, व."